आत्मसंरक्षणाची विद्या व आखाड्याची निवड



गेल्या सत्रांत दहावीची एक विद्यार्थिनी शाळा सुटल्यावर माझ्याकडे आली. शिकवणीहून घरीं परततांना तिला अंधाऱ्या रस्त्यानें यावें लागे. तिनें विचारलें, "सर, मी ज्यूदो शिकूं कीं कराटे?" प्रश्न रास्त होता, परंतु विद्येचें नांव ठरविण्यापूर्वीं ती कशी शिकविली जाते हें पाहावें लागतें. तें कां, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम या विद्यांचें स्वरूप पाहूं. कुस्तींत पकड करून प्रतिपक्ष्यास चीत करण्यावर भर असतो. कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींतच ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळविलें. मुष्टियुद्धांत ठोसे व पायांची चपळाई यांस महत्त्व आहे. कराटे हें ओकिनावा बेटांतील. तें १९२२ सालीं फुनाकोशी गिचिन यांनीं टोकियोंत करून दाखविलें. त्यांत हातापायांचे आघात शिकवितात. कोरियाच्या तायक्वांदोंत लाथांना प्राधान्य असतें. ज्यूदोंत प्रतिपक्ष्याचा तोल घालवून त्यास पाडतात व जमिनीवर जखडून ठेवतात.

ज्यूदोचे जनक कानो जिगोरो यांची हकीकत बोधप्रद आहे. जुजुत्सु ही जुनी विद्या शिकून त्यांनीं १८८२ सालीं टोकियो येथें कोदोकान ही संस्था काढली. अतिशय घातक डाव त्यांनीं ठराविक क्रमाच्या अभ्यासापुरते ठेविले, आणि बाकीच्या डावांचा सराव शिष्यांनीं परस्परांशीं जोर लावून, मोकळेपणानें करावा अशी योजना केली. या सरावास 'रांदोरी' म्हणतात. घातक डाव वगळल्यानें विद्या दुबळी होईल असें वाटेल. पण तसें होत नाहीं. विरोध करणाऱ्या माणसावर जो डाव रोज करून पाहतां येतो, तोच प्रसंगीं हातून घडतो. 'फार घातक' म्हणून जो कधीं करूनच पाहिला नाहीं, तो ऐन वेळीं आठवत नाहीं.

याचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. तरुणपणीं एका वर्गांत मीं वर्षभर हवेंत हातवारे केले. पुढें एका रात्रीं एस. टी. च्या स्थानकावर एका इसमानें माझी गचांडी धरली, तेव्हां शिकलेल्यांपैकीं एकहि हात मला सुचला नाहीं. कारण त्यापूर्वीं माझी गचांडी कोणीं जोरानें धरलीच नव्हती.

म्हणून फी भरण्यापूर्वीं एक पूर्ण तास बाजूस बसून पाहावें. नवशिक्यांस प्रथम इजा न होतां पडावयास शिकवितात काय? जोड्या लावतांना वजन व अनुभव पाहतात काय? हार मानल्याची खूण होतांच प्रतिपक्षी पकड सोडतो काय? शिष्य प्रश्न विचारूं शकतात काय? मुलींना तेथें संकोच वाटत नाहीं ना? अमुक महिन्यांत काळा पट्टा मिळेल असें जो आधींच सांगतो, त्याच्यापासून दूर राहावें. आखाडा घराजवळ असावा, हेंहि लहान कारण नव्हे. ज्या ठिकाणीं जाणें जमत नाहीं, तेथील उत्तम गुरूचाहि उपयोग नाहीं.

आणखी एक गोष्ट. रिकाम्या हातानें सुऱ्याशीं बरोबरी करवील अशी विद्या नाहीं. पळून जाणें, मोठ्यानें ओरडणें, मागितलेलें पाकीट देऊन टाकणें, यांत भित्रेपणा नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आत्मसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे. परंतु बचावास जरूर तेवढीच इजा करावी, अशी त्यास मर्यादा आहे. हल्लेखोर पळूं लागला असतां त्याचा सूड घेणें म्हणजे संरक्षण नव्हे.

त्या मुलीनें घराजवळचे दोन वर्ग पाहिले व ज्यूदोचा निवडला. कारण विचारतां ती म्हणाली, "सर, तेथें आधीं पडावयास शिकवितात." शिकवणीहून एकटीनें न येतां मैत्रिणींसह यावें, हा माझा दुसरा सल्लाहि तिनें मानला. दोहोंपैकीं अधिक उपयोगाचा कोणता, असें कोणीं विचारल्यास मी दुसऱ्याकडेच बोट दाखवीन.