पाळणाघराची फी आणि आयकर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गिरगाव-दादरमध्ये आई-बाबा दोघंही कामावर जाणारी घरं वाढली, तशी पाळणाघरंही वाढली. ऑफिसने करसवलतीचे पुरावे मागितले, की पाळणाघराच्या पावत्या बाहेर निघतात आणि तिथेच घोळ होतो.

गैरसमज : पाळणाघराच्या फीवर करसवलत मिळते.
वस्तुस्थिती : नाही. अमेरिकेत अशा खर्चापोटी करात सूट आहे. आपल्याकडे पाळणाघराची फी किंवा मूल सांभाळणाऱ्या मावशींचा पगार, कशालाच वजावट नाही.

गैरसमज : शाळेच्या फीची वजावट इयत्ता पहिलीपासूनच मिळते.
वस्तुस्थिती : प्ले-स्कूल, नर्सरीची ट्यूशन फीसुद्धा कलम 80सी खाली चालते. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यात हे कलम 123 आहे. डोनेशन, डेव्हलपमेंट फी, बसभाडं मात्र धरत नाहीत. सकाळी प्ले-स्कूल आणि पुढे तिथेच डे-केअर असेल, तर पावतीवर दोन्ही रकमा वेगळ्या लिहून घ्या.

गैरसमज : जेवढी फी भरली, तेवढा कर वाचतो.
वस्तुस्थिती : फी उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. 20 टक्के कर बसणाऱ्याचे 40,000 रुपये फीवर उपकरासह 8,320 रुपये वाचतात. पीएफ, विमा वगैरे धरून एकूण मर्यादा दीड लाखाची.

गैरसमज : वजावट आई-वडिलांपैकी एकालाच मिळते.
वस्तुस्थिती : ज्याने जेवढी फी भरली, तेवढी त्याला, प्रत्येकी दोन मुलांपर्यंत.

गैरसमज : करप्रणाली कुठलीही चालते.
वस्तुस्थिती : ही वजावट फक्त जुन्या प्रणालीत आहे. 2023-24 पासून आपण काही निवडलं नाही, तर नवी प्रणाली लागू होते. पगारदारांना दरवर्षी मुदतीत रिटर्न भरताना निवड करता येते. नव्या प्रणालीचे दर कमी आहेत, म्हणून दोन्हींचा हिशेब मांडूनच ठरवा.

गैरसमज : म्हणजे पाळणाघराच्या बाबतीत कायद्याचा काहीच आधार नाही.
वस्तुस्थिती : आहे, पण तो कामगार कायद्यात. मुंबई प्रांताने 1929 मध्येच प्रसूती-लाभ कायदा केला. पुढे केंद्राच्या प्रसूती-लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मिळाली. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागांवर उभ्या राहिलेल्या मोठ्या ऑफिसांनाही हे लागू आहे. तुमच्या ऑफिसात ही सोय नसेल, तर एचआरकडे लेखी मागणी करा. फीच्या वजावटीतून वर्षाला काही हजार वाचतील. पाळणाघर मिळालं, तर एखादीची नोकरी टिकेल.