कॅमेरा घ्यावा, पण कोणता? नंजनगूडच्या निमित्ताने

म्हैसूरला जाणारा मराठी प्रवासी राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन उद्यान पाहतो व बहुधा उटीच्या वाटेला लागतो. याच वाटेवर, म्हैसूरपासून सुमारे 25 किलोमीटरवर, कपिला नदीच्या काठी नंजनगूड वसलेले आहे. कपिलेलाच कबिनी असेही म्हणतात. कन्नड भाषेत 'नंजु' म्हणजे विष. हलाहल प्राशन करणारा तो नंजुंड, अर्थात आपला नीळकंठ. येथील श्रीकंठेश्वराच्या मंदिरामुळे या गावाला 'दक्षिण काशी' हे नाव लाभले. टिपू सुलतानाच्या हत्तीचा नेत्रविकार या देवाच्या कृपेने बरा झाला आणि सुलतानाने देवाला 'हकीम नंजुंड' म्हटले, अशी कथा येथे सांगतात. त्यामुळे दुखण्यातून उठलेल्या आप्तांना, वृद्ध आईवडिलांना घेऊन येणारी कुटुंबे या मंदिरात नेहमी दिसतात.

अशी यात्रा सहसा एकदाच घडते. पुढच्या वर्षी सारे जण असतील, चालू शकतील, याची शाश्वती कोणी द्यावी? म्हणूनच प्रवासाची तयारी करताना अनेक घरांत एक प्रश्न निघतो: मोबाईल तर आहेच, पण एखादा छोटा, चांगला डिजिटल कॅमेरा घ्यावा का? घ्यावा, तर कोणता? दुकानातील विक्रेत्याला हा प्रश्न विचारला, तर सर्वाधिक मेगापिक्सेलचा किंवा सर्वाधिक किमतीचा कॅमेरा पुढे येण्याचा संभव असतो. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर कॅमेऱ्यात नसून आपल्या गरजेत दडलेले असते. नंजनगूडसारखे एकच गाव डोळ्यांपुढे ठेवले, तरी या गरजा किती भिन्न असू शकतात हे ध्यानात येते.

पर्याय कमी का झाले?

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म 1975 सालचा. कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी तयार केलेल्या पहिल्या नमुन्याची क्षमता अवघी 0.01 मेगापिक्सेल होती आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवायला त्याला 23 सेकंद लागत. पुढे हा कॅमेरा खिशात मावू लागला. 2010 साली जगभरात सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले आणि त्यांतील बहुतांश कॉम्पॅक्ट होते. त्यानंतर स्मार्टफोनने हा बाजार जवळपास गिळून टाकला. 2023 साली लेन्स बदलता न येणाऱ्या कॅमेऱ्यांची संख्या 20 लाखांच्याही आत आली होती. साहजिकच कंपन्यांनी स्वस्त आणि साधी मॉडेल्स बंद केली. आज उरले आहेत ते मुख्यतः असे कॅमेरे, की जे मोबाईलला सहज न जमणारे एखादे काम उत्तम करतात. ते काम आपले आहे काय, हे तपासणे हीच निवडीची पहिली पायरी होय.

गोपुर: रुंद दृष्टीची गरज

श्रीकंठेश्वर मंदिराचे गोपुर सुमारे 120 फूट उंच असून ते मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात उभे राहिले. ते संपूर्ण एका चौकटीत बसवायचे, तर कॅमेऱ्याची लेन्स किती रुंद पाहते याला महत्त्व येते. हे माप मिलिमीटरमध्ये, जुन्या 35 मिलिमीटर फिल्मच्या तुलनेत सांगितले जाते. आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद. कॅमेरा उभा आणि सरळ धरला, तर 24 मिलिमीटरच्या लेन्सने हे गोपुर टिपण्यासाठी सुमारे 155 फूट मागे जावे लागते, 28 मिलिमीटरसाठी सुमारे 180 फूट, तर 35 मिलिमीटरसाठी सुमारे 225 फूट. जवळ उभे राहून कॅमेरा वर कलला, तर गोपुर मागे झुकल्यासारखे दिसते. गर्दीच्या दिवशी 70 फुटांचा हा फरक लहान नव्हे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. बहुतेक स्मार्टफोनची मुख्य लेन्स 24 ते 26 मिलिमीटरच्या आसपास असते आणि अनेकांत त्याहून रुंद दुसरी लेन्सही असते. केवळ इमारती, निसर्गदृश्ये आणि कुटुंबाचा गट एवढेच टिपायचे असेल, तर दिवसाच्या उजेडात मोबाईल पुरेसा आहे. अशा ग्राहकाने नवा कॅमेरा न घेणे हाच सर्वांत चांगला व्यवहार ठरेल.

रथोत्सव: दुरून जवळचे पाहणे

मार्च-एप्रिलच्या सुमारास येथे 'दोड्ड जात्रे', म्हणजे मोठी यात्रा भरते. गणपती, श्रीकंठेश्वर, पार्वती, सुब्रह्मण्य आणि चंडिकेश्वर यांचे पाच रथ भक्तगण दोरांनी ओढतात. या गर्दीत वृद्ध माणसांना घेऊन रथाजवळ जाणे शक्य नसते आणि उचितही नसते. दुरून पाहावे लागते. मोबाईलवर चित्र बोटांनी ताणले, की मोठे होते खरे, पण त्याचा बारकावा हरवतो. कारण तेथे लेन्स हलत नाही, केवळ चित्राचा तुकडा मोठा केला जातो. काही महागड्या मोबाईलमध्ये दूरची स्वतंत्र लेन्स असते, मात्र तिलाही मर्यादा आहे.

ऑप्टिकल झूम येथेच उपयोगी पडतो. 300 फुटांवरून पाहिले असता 24 मिलिमीटरच्या लेन्समध्ये 450 फूट रुंदीचा देखावा मावतो, 200 मिलिमीटरमध्ये 54 फुटांचा आणि 720 मिलिमीटरमध्ये अवघ्या 15 फुटांचा. म्हणजेच रथावरील उत्सवमूर्तीचा शृंगार पाहायचा की रथासह सारा जनसागर, हे जागा न सोडता ठरवता येते. 2025 साली बाजारात आलेल्या पॅनासोनिक लुमिक्स टीझेड 99 मध्ये 24 ते 720, तर 2018 सालच्या कॅनन पॉवरशॉट एसएक्स 740 मध्ये 24 ते 960 मिलिमीटरपर्यंतची लेन्स आहे. नंजनगूडहून पुढे बंडीपूरच्या जंगलात जाणाऱ्यांनाही हाच गुण हवा असतो.

संधिप्रकाश: सेन्सरचा आकार

मोठ्या झूमची किंमत मात्र अंधारात मोजावी लागते. पहाटेचा घाट, सायंकाळचे दीप, सभामंडपाबाहेरचा मंद उजेड येथे दोन गोष्टी निर्णायक ठरतात: प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचे क्षेत्रफळ आणि लेन्सचे छिद्र. मोठ्या झूमच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे 28 चौरस मिलिमीटर असते. ज्याला 'एक इंची' म्हणतात त्या सेन्सरचे सुमारे 116, तर 'एपीएस-सी' प्रकाराचे सुमारे 366 चौरस मिलिमीटर. गमतीचा भाग असा, की 'एक इंची' सेन्सरची कोणतीही बाजू एक इंच नसते. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतील काचनळ्यांच्या मापावरून आले आहे. लेन्सचा 'एफ' आकडा जितका लहान, तितका प्रकाश अधिक. एफ 1.8 ची लेन्स एफ 3.3 च्या लेन्सपेक्षा सुमारे तिपटीहून अधिक प्रकाश आत घेते.

सोनी आरएक्स 100 मार्क 7 आणि कॅनन जी 7 एक्स मार्क 3 ही दोन्ही 2019 सालची मॉडेल्स एक इंची सेन्सरची. पहिल्यात झूम 200 मिलिमीटरपर्यंत आहे, तर दुसऱ्यात तो 100 पर्यंतच, पण लेन्स अधिक उजळ आहे. रिको जीआर 3 आणि फुजीफिल्म एक्स 100 व्ही 6 यांत सेन्सर आणखी मोठा आहे, मात्र झूम मुळीच नाही. एका कॅमेऱ्यात छोटे शरीर, मोठा सेन्सर आणि लांब झूम हे तिन्ही गुण पूर्णांशाने मिळत नाहीत. दोन निवडावे आणि तिसऱ्याचा मोह सोडावा, हे जाणणारा ग्राहक फसत नाही.

मंदिराच्या अंतर्भागाविषयी एक सूचना आवश्यक आहे. देवालयांत छायाचित्रणाचे नियम असतात. ते कार्यालयात आधी विचारून घ्यावेत आणि निःशंकपणे पाळावेत. परवानगी असेल तेथेही फ्लॅश टाळणे हे सौजन्याचे लक्षण होय.

हात, डोळे आणि ऊन

कॅमेरा कोणाच्या हाती असणार, हा प्रश्न जाहिरातीत कधीच नसतो. साठी ओलांडलेल्या गृहस्थांना स्पर्शपडद्यावरील बारीक चिन्हे दिसत नाहीत, भर उन्हात पडदा काळा भासतो आणि गुळगुळीत मोबाईल हातातून निसटतो. त्यांच्यासाठी व्ह्यूफाइंडर असलेला, बोटांना ठळकपणे जाणवणाऱ्या बटणांचा आणि पकड असलेला कॅमेरा मोलाचा ठरतो. व्ह्यूफाइंडरला चष्म्याच्या क्रमांकानुसार फिरणारी छोटी कळ आहे का, तेही पाहावे. टीझेड 99 मध्ये व्ह्यूफाइंडर नाही, आरएक्स 100 मार्क 7 मध्ये तो वर उचलून वापरता येतो. हात कापत असतील तर लेन्समधील स्थिरीकरण उपयोगी पडते. मात्र ते फक्त हाताची थरथर सावरते. धावणारे नातवंड किंवा दोर ओढणारे भक्त स्पष्ट यायचे, तर शटरचा वेगच वाढवावा लागतो.

केळीच्या पानापासून शिलालेखापर्यंत

नंजनगूड 'रसबाळे' या केळ्यासाठीही विख्यात आहे. या जातीला भौगोलिक मानांकन लाभलेले आहे, तथापि 'पनामा' या मर रोगाने तिच्या लागवडीला मोठा फटका दिला. पानावरील डाग कृषितज्ज्ञाला दाखवू इच्छिणारा शेतकरी, वनौषधींचा अभ्यासक किंवा शिलालेखातील अक्षरे वाचू पाहणारा इतिहासप्रेमी यांची गरज अगदी वेगळी असते. 1913 साली स्थापन झालेल्या आणि नंजनगूड दंतमंजनामुळे घरोघरी पोचलेल्या सद्वैद्यशाळेचे हे गाव असल्याने वनौषधींचे अभ्यासक येथे येणे स्वाभाविकच. अशांनी लेन्स किती जवळून स्पष्ट पाहते, हा आकडा विचारावा. ओएम सिस्टीमचा टीजी 7 हा कॅमेरा वस्तूपासून एका सेंटीमीटरवरूनही चित्र टिपतो आणि पाण्यात 15 मीटरपर्यंत टिकतो. शेतात, पावसात आणि नदीकाठी तो निर्धास्तपणे वापरता येतो. सेन्सर लहान असल्याने रात्रीच्या चित्रांसाठी मात्र तो नव्हे.

मेगापिक्सेलचा हिशेब

6 × 4 इंचांच्या उत्तम छपाईला जेमतेम 2 मेगापिक्सेल लागतात, ए-4 आकाराला 9 पुरतात. आज मिळणारे बहुतेक कॅमेरे याच्या दुप्पट क्षमतेचे आहेत. तेव्हा या एका आकड्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.

व्यवहाराच्या चार गोष्टी

पहिली, पावती. डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी जानेवारी 2019 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. 'बिलाविना स्वस्त' देणाऱ्याकडून घेतलेल्या कॅमेऱ्याला कंपनीची भारतातील हमी मिळेलच असे नाही. निवडलेले मॉडेल भारतात अधिकृतपणे विकले जाते का आणि दुरुस्ती केंद्र कोठे आहे, हे आधी विचारावे.

दुसरी, हप्ते. 'शून्य व्याज' या शब्दांना भुलू नये. सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट केले, की शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही. सामान्यतः व्याजाइतकी रक्कम सवलत म्हणून वजा केलेली असते आणि कार्डावरील हप्त्यांच्या व्याजावर जीएसटी वेगळा लागतो. प्रक्रिया शुल्कही पाहावे. यात्रेला वर्षभर अवधी असेल, तर दरमहा आवर्ती ठेव भरून रोखीने खरेदी करणे अधिक श्रेयस्कर. हप्त्यावर व्याज द्यावे लागते, ठेवीवर ते मिळते.

तिसरी, जुना कॅमेरा. 2000 नंतरच्या दशकातील छोट्या कॅमेऱ्यांना अलीकडे तरुणांची मागणी आहे. घरातील कपाटातही असा एखादा सापडेल. त्याची बॅटरी फुगलेली नाही ना, आणि त्याचे कार्ड आज मिळते का, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत. ऑलिम्पस आणि फुजीफिल्मच्या काही जुन्या मॉडेलांतील 'एक्सडी' कार्डाचे उत्पादन केव्हाच थांबले आहे.

चौथी, विमानप्रवास. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात.

टिपलेले जपावे

20 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे एक चित्र साधारण 10 एमबीचे धरले, तर 32 जीबीच्या कार्डात तीन हजारांवर चित्रे मावतात. ही सोयच घातक ठरते. सारी यात्रा एकाच कार्डावर राहते आणि ते कार्ड हरवले की सारेच जाते. रोज रात्री निवासस्थानी परतल्यावर चित्रांची एक प्रत मोबाईलवर घ्यावी, घरी आल्यावर दुसरी संगणकावर आणि तिसरी बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. निवडक 20-25 चित्रांच्या छापील प्रती काढून मागे तारीख आणि नावे लिहावीत. आजीला स्मार्टफोन उघडता येत नाही, अल्बम मात्र उघडता येतो.

कॅमेरा घरी आला, की निघण्यापूर्वी किमान पंधरा दिवस तो वापरून पाहावा. आपल्या गावातील देवळाच्या कळसाचे चित्र घ्यावे, सांजवेळी दिव्याजवळ बसलेल्या माणसाचे घ्यावे, आठवडी बाजारात दूरवरचा चेहरा टिपून पाहावा. कॅमेऱ्याचे उणे-अधिक घरच्या अंगणातच उमगले, तर कपिलेच्या काठी हात चाचपडत नाहीत. समोर रथ हलतो, आई हात जोडते, आणि तो क्षण एकदाच येतो. त्या वेळी यंत्राकडे नव्हे, तिच्याकडे लक्ष असावे, एवढ्यासाठीच ही सारी पूर्वतयारी.