लोणारचा गुलाबी रंग आणि मोबाइलचा ‘प्रो’ मोड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि त्याचे फोटो मोबाइलवर फिरू लागले, तेव्हा अनेकांनी ‘फिल्टर मारलाय’ म्हणून ते उडवून लावले. पण नासाच्या पृथ्वी-निरीक्षण विभागाने लँडसॅट-८ उपग्रहाची २५ मे आणि १० जूनची चित्रं शेजारी-शेजारी ठेवली, त्यांत हिरव्या पाण्याचा रंग पालटलेला स्पष्ट दिसत होता. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग हॅलोआर्किया या खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचं कळलं. म्हणजे पाणी खरंच गुलाबी होतं.

तरी फोटोवर संशय घेणाऱ्यांना अगदी वेड्यात काढता येणार नाही. एकाच पाण्याचा फोटो दोन फोनवर दोन छटांचा येतो, हे आपण रोज पाहतो. त्याचं कारण फोनच्या अंदाजात आहे. ऑटो मोडमधला कॅमेरा प्रत्येक दृश्य सरासरी उजेडाचं आणि सरासरी रंगाचं असणार असं धरून चालतो. लोणार ज्यात आहे त्या बुलडाणा जिल्ह्यात फोटो काढावेत अशा बऱ्याच जागा नेमक्या या सरासरीत बसत नाहीत. म्हणून ‘प्रो’ किंवा ‘मॅन्युअल’ मोड, म्हणजे रंग-उजेड हाताने ठरवायची सोय, समजून घ्यायला हा जिल्हा चांगला, आणि त्याविषयीचे गैरसमज दूर करायलाही.

गैरसमज : रंग चुकला तर दोष कॅमेऱ्याचा, महागडा फोन घेतला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : रंग ठरतो व्हाइट बॅलन्सवर. उजेड पिवळा आहे की निळसर, याचा अंदाज घेऊन फोन रंग उलट बाजूला ओढतो. चौकटभर एकच रंग पसरलेला असला की तो गोंधळतो. तो रंग वस्तूचा नसून उजेडाचा आहे असं समजून तो पुसायला जातो, आणि गुलाबी पाणी मातकट दिसू लागतं. महागडा फोनही इथे फसतो. उपाय फुकट आहे. प्रो मोडमध्ये ‘डब्ल्यूबी’ ऑटोवरून काढा आणि भर उन्हात ५२०० ते ५५०० केल्विनवर बांधून टाका. मग दहा फोटो काढले तरी रंग तोच राहील. सोयाबीनच्या पानावर पिवळा मोझॅक आहे की नुसतं अन्नद्रव्य कमी पडलंय, हे कृषी केंद्रातल्या माणसाला फोटोवरून विचारायचं असेल, तर ही एक गोष्ट कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त कामाची आहे.

इथे एक पोटगैरसमज आहे. केल्विनचा आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो, कमी केला की निळा. दिव्याचं मात्र उलटं असतं, २७०० केल्विनचा बल्ब पिवळा. कारण आपण फोनला ‘उजेड असा आहे’ हे सांगत असतो आणि फोन त्याची भरपाई करतो.

गैरसमज : फोटो काळपट आला म्हणजे उजेड कमी होता.

वस्तुस्थिती : नेहमी तसं नसतं. खामगावच्या बाजार समितीत भर दुपारी कापसाच्या ढिगाचा फोटो काढून पाहा. ऊन रणरणतंय, पण कापूस फोटोत राखाडी. एवढं पांढरं दृश्य पाहून फोनला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो फोटो दाबतो. नांदुऱ्याच्या महामार्गाजवळच्या १०५ फुटी पांढऱ्या हनुमानाचंही जवळून तसंच होतं. याच्या उलट लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा काळा दगड. तो फोनला अंधार वाटतो, म्हणून तो उजळवतो आणि दगड धुरकट दिसतो, कोरीवकामाची धार जाते. पांढऱ्याला एक्स्पोजर ‘ईव्ही’ अधिक ०.७ ते १ करा, काळ्याला उणे ०.७ ते १. याला पूर्ण प्रो मोडही लागत नाही. स्क्रीनवर बोट ठेवलं की शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवलं की झालं. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात आयएसओ, शटर हाताने बदलता येत नाहीत, पण ही सोय त्यातही आहे.

गैरसमज : अंधारात आयएसओ वाढवला की कॅमेरा जास्त उजेड घेतो.

वस्तुस्थिती : हा सर्वांत पसरलेला आणि सर्वांत नुकसान करणारा समज आहे. उजेड आत येतो तो दोनच वाटांनी, भिंगाच्या छिद्रातून आणि शटर उघडं राहील तेवढ्या वेळात. फोनमध्ये छिद्र बहुधा कायमचं एकाच मापाचं असतं. थोडे अपवाद आहेत, २०१८ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस-९ मध्ये एफ १.५ आणि एफ २.४ अशी दोन मापं होती. पण पोर्ट्रेट मोडमध्ये सरकणारा ‘एफ’चा आकडा हा सॉफ्टवेअरने केलेला धूसरपणा आहे, छिद्र तिथे हलत नाही. तेव्हा हातात उरतं शटर. आयएसओ आत आलेल्या उजेडाचा फक्त आवाज वाढवतो, आणि त्यासोबत खरखरही.

दैत्यसूदनच्या आत याचा प्रत्यय येतो. गाभाऱ्याकडे जाताना छतावरचं कोरीवकाम पाहायला मान वर करावी लागते आणि बहुतेक जण तिथे फ्लॅश मारतात. फोनच्या फ्लॅशचा जोर दोन-तीन मीटरचा. शिवाय समोरून पडलेल्या उजेडात दगडाचा उठाव सपाट होतो. संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते. पण छताच्या फोटोला ट्रायपॉड लागतच नाही. फोन हातात असतानाच आयएसओ १००, शटर २ सेकंद, फोकस हाताने आणि टायमर ५ सेकंद ठेवा. खाली रुमाल पसरा, टायमर दाबा आणि फोन स्क्रीन खाली करून त्यावर ठेवा. मागचा कॅमेरा सरळ छताकडे पाहतो, हालचाल शून्य. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडणार नाही एवढं बघा. आलेला फोटो आणि फ्लॅशचा फोटो शेजारी ठेवलेत की पुढचं समजावून सांगायला नको.

गैरसमज : फोटोत पडणारे काळे आडवे पट्टे म्हणजे कॅमेरा बिघडला.

वस्तुस्थिती : सिंदखेडराजात १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सव असतो. अशा कार्यक्रमांच्या मांडवात, किंवा गणपतीच्या रोषणाईत, हे पट्टे हमखास दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात, आणि शटर १/१००० वर गेलं की काही ओळी तेज क्षणी टिपल्या जातात, काही मंद क्षणी. त्याचेच हे पट्टे. शटर १/१०० किंवा १/५० वर बांधा, पट्टे जातात. व्हिडिओलाही हेच लागू. मात्र लेझीम खेळणारा हात १/१०० वर थोडा पुसट येणारच. तो गोठवायचा असेल तर दिवसाच्या उन्हात १/५०० किंवा त्याहून वेगाने टिपावा. दिव्यांखाली दोन्ही साधत नाही, एक निवडावं लागतं.

गैरसमज : जास्त मेगापिक्सेल, जास्त चांगला फोटो. यावर फार शाई खर्चायला नको. १०८ मेगापिक्सेलचा फोन शेजारचे नऊ पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो, २०० वाला सोळा एकत्र करून साडेबाराचा. दुकानदार तेवढं सांगत नाही.

गैरसमज : प्रो मोड म्हणजे नेहमीच सरस फोटो.

वस्तुस्थिती : अजिबात नाही. ‘ऑटोवरच राहू दे न भाऊ’ म्हणणारा मित्र पुष्कळदा बरोबर असतो. आजचा ऑटो मोड एका क्लिकमध्ये अनेक फोटो काढून ते एकमेकांत बेमालूम जुळवतो. गूगलचा ‘नाइट साइट’ २०१८ मध्ये आला, तेव्हापासून हातात धरून काढलेले रात्रीचे फोटो कुठल्या कुठे गेले. प्रो मोडमध्ये पुष्कळ फोन एकच फ्रेम घेतात आणि ही सगळी जोडणी बंद ठेवतात. त्यामुळे फोन हातात आहे, समोर माणसं हलतायत, संध्याकाळ झालीय, अशा वेळी प्रो मोडचा हट्ट धरणारा हरतो. ‘रॉ’, म्हणजे फोनने न सुधारलेल्या मूळ फाइलचंही तसंच. ती आधी फिकी दिसते, जागा खाते, आणि नंतर बसून रंग-उजेड सुधारणार असाल तरच उपयोगी.

प्रो मोड जिंकतो तो फोन स्थिर असताना. लोणारचं सरोवर ज्या विवरात आहे त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि गावाच्या दिव्यांकडे पाठ केली की आकाश बरंच काळं मिळतं. मार्च ते मे या काळात अमावास्येच्या आसपास, मध्यरात्रीनंतर आग्नेयेला आकाशगंगेचा दाट भाग वर येतो. ट्रायपॉड लावा, आयएसओ १६०० ते ३२००, फोकस अनंतावर (डोंगराचं चिन्ह), व्हाइट बॅलन्स ४००० च्या आसपास, टायमर ३ सेकंद. शटर १५ ते २० सेकंदच. पृथ्वी फिरते, म्हणून त्याहून जास्त ठेवलं तर तारे रेघा होतात. छायाचित्रकारांचा ठोकताळा असा की ५०० ला भिंगाच्या समतुल्य मिलिमीटरने भागावं. फोनचं मुख्य भिंग साधारण २५ मिलिमीटरचं, म्हणजे उत्तर २० सेकंद. काही स्वस्त फोनचं शटर इतका वेळ उघडंच राहत नाही, तेवढं निघण्याआधी तपासा.

याच आकाशात चंद्र असेल तर मात्र हे सगळे आकडे उलटतात. कोजागरीला चंद्राचा फोटो म्हणजे पांढरा ठिपका, हा अनुभव घरोघरचा. रात्र आहे म्हणून आपण जास्त उजेड मागतो, आणि चंद्र तर उन्हात उभा असतो! आयएसओ ५० ते १००, शटर १/१२५ ते १/२५०, आणि झूम भिंगाने जाईल तेवढाच. त्यापुढे बोटांनी ताणलं की फोन नवीन तपशील आणत नाही, आहे तेच कापून मोठं करतो.

रात्री जाणार असाल तर फोटो काठावरूनच काढा. लोणार हे वन्यजीव अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर पाणथळही आहे, आणि अंधारात विवरात उतरणं नियमातही बसत नाही, शहाणपणातही नाही. आणि एवढ्या मेहनतीने आलेला फोटो व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवू नका. तिथे तो आकुंचन पावतो, बारकावे निघून जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, जसा काढलात तसाच पोचेल.