ईसीजी नॉर्मल आला, मग छाती का धडधडते?

रात्री दीड वाजता वस्तीतल्या एका ताईंना रिक्षात घालून आम्ही दवाखान्यात नेलं. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, घाम, श्वास पुरेना. ‘मी आता वाचत नाही,’ एवढंच त्या म्हणत होत्या. ईसीजी नॉर्मल आला. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका,’ असं सांगून घरी पाठवलं. महिनाभरातली ही तिसरी वेळ. घरात कुणी ‘नाटक’ म्हणू लागलं, कुणी ‘बाहेरचं बघा’ म्हणू लागलं.

ते नाटक नव्हतं आणि बाहेरचंही नव्हतं. तो चिंतेचा आजार होता.

काळजी आपल्या सगळ्यांनाच आहे. घरभाडं, पोरांची फी, काम सुटण्याची भीती. मग आजार कधी म्हणायचा? काळजी आवरेनाशी होते आणि काम, झोप, माणसांत मिसळणं यांच्या आड येते तेव्हा. सहा महिने बहुतेक दिवस असं चाललं आणि अस्वस्थपणा, लवकर थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, अंग आखडणं, झोप बिघडणं यांतली निदान तीन लक्षणं असली, तर डॉक्टर सततच्या चिंतेच्या आजाराचा विचार करतात. अचानक येऊन काही मिनिटांत टोकाला जाणारा झटका म्हणजे पॅनिक अटॅक. असे झटके पुन्हा पुन्हा आले आणि पुढच्या झटक्याच्या धास्तीत महिना गेला, तर तो पॅनिकचा आजार असू शकतो.

चिंतेचा आजार दाखवणारी रक्ततपासणी नाही. तरी रक्त तपासतात, कारण थायरॉईड वाढलं किंवा अंगात रक्त कमी असलं तरी धडधड होते. चहा, मिश्री, दारू किती, हेही डॉक्टरांना खरं सांगा. मग गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न विचारतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण. १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी. नुसते गुण म्हणजे निदान नव्हे.

आणि छातीत दुखलं तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका. आधी दवाखाना गाठा.

जाताना लिहून न्या: झटका कधी आला, किती वेळ टिकला, झोप किती झाली. ‘हृदय ठीक आहे, मग हे काय?’ असं विचारा. सरकारी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

त्या ताईंना पुढे मानसोपचार ओपीडीत नेलं. डॉक्टरांनी अर्धा तास ऐकून घेतलं. समुपदेशन आणि गोळ्या सुरू झाल्या. आता त्या कामावर जातात. घरातलं ‘नाटक’ हे बोलणंही बंद झालं.