हिरवळीवरची रंगीत तालीम

नाटकाला जशी रंगीत तालीम, तशी विम्बल्डनला लंडनच्याच क्वीन्स क्लबची स्पर्धा. पॅरिसच्या तांबड्या मातीवर घसरत खेळायची सवय झालेले पाय येथे गवताला लागतात. चेंडू फारसा उसळत नाही, खालूनच सळसळत निघून जातो. जो वेळेवर गुडघे वाकवील तो तरला!

१९८५ साली १७ वर्षांच्या बोरिस बेकरने ही तालीम जिंकली. विम्बल्डनच्या मानांकितांत त्याचे नाव नव्हते. तरी केव्हिन करनला हरवून हा पोरगा अजिंक्यवीर झाला. क्वीन्स पाहावे आणि विम्बल्डनचे भविष्य सांगावे, असे कोणालाही वाटले असते.

पण १९८८ ची गंमत पाहा. क्वीन्सच्या अंतिम सामन्यात बेकरने स्टीफन एडबर्गला ६-१, ३-६, ६-३ असे नमविले. तीनच आठवड्यांनी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यातही समोरासमोर तेच दोघे! पहिला सेट बेकरचा. दुसरा एडबर्गने टायब्रेकवर खेचून घेतला आणि पारडे फिरले: ४-६, ७-६, ६-४, ६-२. मला तरी वाटते, तालमीत जिंकणाऱ्यापेक्षा हरणाराच अधिक शिकला. रविवारी पावसाने अडविलेला तो सामना सोमवारी संपला. विम्बल्डनचा चषक एडबर्गने नेला. बेकरपाशी क्वीन्सचा तेवढा राहिला.