ग्रीन कार्डचं मेडिकल: ऐकीव किती, खरं किती

न्यू जर्सीतलं एडिसन असो की कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट, ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं ताटकळलेल्या मराठी घरांत रांगेतली जागा ठरवणाऱ्या 'प्रायॉरिटी डेट'च्या खालोखाल चर्चा होते ती 'मेडिकल'ची, म्हणजे अर्जासाठीच्या वैद्यकीय तपासणीची. अर्ज भरायची वेळ जवळ आली की पुण्या-नाशिकला फोन जातो, "आई, माझं लसींचं कार्ड सापडतंय का बघ ना." मग माळ्यावरची ट्रंक उतरते, जुन्या फायली उपसल्या जातात आणि हाती लागतं ते सातवीचं प्रगतिपुस्तक. सगळ्या लसी वेळच्या वेळी दिल्या होत्या, असं आई छातीठोकपणे सांगते. ते खरंही असतं. पण अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला आईचा शब्द चालत नाही, लेखी आणि तारखेनिशी नोंद लागते. आईवडिलांनी करून दिलेलं प्रतिज्ञापत्रसुद्धा लसीच्या नोंदीची जागा घेऊ शकत नाही.

गंमत अशी की ते कार्ड सापडलं असतं, तरी चाळिशीतल्या अर्जदाराचं काम त्यानं फारसं हलकं झालं नसतं.

भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला १९८५ साली. त्या सुमारास साताऱ्यात किंवा अकोल्यात जन्मलेल्या बाळाला सरकारी दवाखान्यात मिळायचं ते बीसीजी, पोलिओचे डोस, ट्रिपल (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि नवव्या महिन्यात गोवराची लस. अमेरिकेत या वयाच्या अर्जदाराकडून अपेक्षा असते ती धनुर्वात-घटसर्पाच्या ताज्या डोसाची (डांग्या खोकल्याचा अंश असलेली लस आयुष्यात एकदा तरी), गोवर-गालगुंड-रुबेला या एकत्रित लसीची, कांजिण्यांच्या लसीची, साठीच्या आतल्यांना हिपॅटायटिस बीची आणि हंगाम असेल तर फ्लूची. या दोन याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. बीसीजी अमेरिकेच्या यादीत नाहीच. रुबेलाची लस भारताच्या सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली. महाराष्ट्रातली गोवर-रुबेला मोहीम नोव्हेंबर २०१८ मधली. हिपॅटायटिस बी २००२-०३ मध्ये प्रायोगिक पातळीवर सुरू झाली आणि देशभर पोचायला २०११-१२ उजाडलं. गालगुंड आणि कांजिण्या या दोन्ही लसी खासगी बालरोगतज्ज्ञांकडे मिळतात, पण राष्ट्रीय कार्यक्रमात त्यांना जागा मिळालेली नाही. राहिला गोवर. भारतात त्याचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, कारण इथं तान्ह्या मुलांना गोवर होण्याचा धोका मोठा. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला गोवराचा डोस हिशेबातच धरत नाहीत. धनुर्वाताच्या लसीला तर दर दहा वर्षांनी बूस्टर लागतो, मग बालपणीचे ट्रिपल कितीही नीट नोंदलेले असोत.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र कार्डाला फार मोल आहे आणि तिथं एक वेगळाच पेच आहे. पल्स पोलिओच्या प्रत्येक रविवारी पोराला बूथवर नेणाऱ्या पालकांना वाटतं, पोलिओचं तरी काम फत्ते. पण एप्रिल २०१६ मध्ये जगभर तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीतून टाइप २ चा विषाणू वगळला गेला. भारतानं हा बदल २५ एप्रिलला केला. अमेरिकेला तिन्ही प्रकारांपासून संरक्षण हवं असतं. त्यामुळे १ एप्रिल २०१६ पासूनचे तोंडावाटेचे डोस तिथं मोजत नाहीत, आणि त्याआधीचे मोहिमेतले म्हणून नोंदलेले डोसही मोजत नाहीत. इंजेक्शनवाटे दिलेली पोलिओ लस मोजली जाते. म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या फाइलमध्ये 'पोलिओ' एवढंच न लिहिता लसीचा प्रकार आणि पूर्ण तारीख लिहून घेतलेली बरी. नोंद मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, एवढंच. भारतातली नोंद चालतच नाही, हा समज निराधार आहे.

"म्हणजे आता सगळे डोस पूर्ण होईपर्यंत सहा महिने अर्ज अडकला!" ही पुढची धास्ती. तीही फोल. हिपॅटायटिस बी किंवा कांजिण्यांसारख्या एकाहून अधिक डोसांच्या लसीचा त्या दिवशी देता येण्याजोगा एक डोस घेतला की त्या रकान्यापुरतं काम होतं. पुढच्या डोसाला अजून पुरेसा अवधी झालेला नाही, असं डॉक्टर नोंदवतात आणि ती सूट आपोआप मिळते. गरोदर स्त्रीला गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत. तिथंही 'वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही' ही नोंद पुरते. फ्लूची लस तपासणी ऑक्टोबर ते मार्च या काळात असेल तरच लागते. वेगळा अर्ज करावा लागतो तो धार्मिक किंवा नैतिक कारणानं लस नाकारणाऱ्यांना, आणि त्यांना आक्षेप सरसकट सर्व लसींना आहे हे दाखवावं लागतं. एखादीच लस नको, असं म्हणून भागत नाही.

लहानपणी गोवर, कांजिण्या अंगावर काढलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे: रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी चाचणी. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस ए आणि बी, पोलिओ यांच्यासाठी तो पुरावा ग्राह्य धरतात. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांच्यासाठी नाही. आधीच प्रतिकारशक्ती असलेल्या माणसानं पुन्हा गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतली तरी अपाय होत नाही. त्यामुळे चाचणीचा खर्च आणि सुईचा खर्च यांत जे स्वस्त पडेल ते करावं.

एका सल्ल्यापासून मात्र चार हात लांब राहावं. "गावाकडच्या डॉक्टरांकडून जुन्या तारखांचं सर्टिफिकेट लिहून आण, कोण बघतंय!" मेडिकलच्या आय-६९३ या फॉर्मवर अर्जदार खोट्या साक्षीच्या शिक्षेची जबाबदारी पत्करून सही करतो. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून खोटी देणं हे अमेरिकन इमिग्रेशन कायद्यात कायमच्या अपात्रतेचं कारण आहे. राहून गेलेली लस पंधरा मिनिटांत दंडात टोचून घेता येते. तिच्यासाठी खोटा कागद करायचा, हा निव्वळ अविचार आहे.

ही तपासणी कोण करतं, याबद्दलही घोळ आहे. महाराष्ट्रात सिव्हिल सर्जन म्हणजे जिल्हा रुग्णालयाचा प्रमुख, सरकारी माणूस. अमेरिकेतला 'सिव्हिल सर्जन' म्हणजे इमिग्रेशन खात्यानं, अर्थात यूएससीआयएसनं, या कामासाठी नेमलेला डॉक्टर. बहुतेक जण खासगी प्रॅक्टिस करणारेच असतात. घरचा डॉक्टर कितीही निष्णात असला तरी नेमणूक नसेल तर त्याची सही चालत नाही. फी सरकार ठरवत नाही, त्यामुळे एकाच शहरात दोन दवाखान्यांच्या दरांत चांगलीच तफावत सापडते. चार ठिकाणी फोन करून विचारण्यात कमीपणा नाही. लसी मात्र आधी आपल्या डॉक्टरकडे किंवा फार्मसीत घेऊन त्यांची नोंद सोबत नेता येते आणि आरोग्यविमा बहुधा तिथंच उपयोगी पडतो.

आता टीबी. भारतीयांना सर्वांत जास्त घाम फोडणारा रकाना हाच. दंडावर बीसीजीचा व्रण असला की टीबीची चाचणी पॉझिटिव्ह येणारच, असं घरोघरी सांगितलं जातं. हाताच्या त्वचेत टोचून दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजायची जी जुनी पद्धत होती, तिच्याबाबतीत यात तथ्य होतं. २०१८ च्या ऑक्टोबरपासून सिव्हिल सर्जनांनी त्या पद्धतीऐवजी आयजीआरए ही रक्तचाचणी वापरायची आहे. दोन वर्षांवरच्या प्रत्येक अर्जदाराची ती होते. तिच्यात क्षयरोगाच्या जंतूतली अशी प्रथिनं वापरतात जी बीसीजीच्या जंतूत नसतातच, त्यामुळे लहानपणच्या लसीचा निकालावर परिणाम होत नाही. पॉझिटिव्ह आली तर त्याचा अर्थ जंतूंशी कधीतरी गाठ पडलेली आहे. मग छातीचा एक्स-रे होतो. तो स्वच्छ असेल, लक्षणं नसतील तर हा सुप्त संसर्ग ठरतो, स्थानिक आरोग्य विभागाला कळवला जातो आणि ग्रीन कार्ड त्यामुळे अडत नाही. अडतं ते फुप्फुसातला सक्रिय, संसर्गजन्य टीबी असेल तर. उपचार पूर्ण झाले की तोही अडसर दूर होतो. इथं वेळापत्रकाची एक बारीक गोम आहे. जिवंत विषाणूंच्या लसींनंतर काही आठवडे आयजीआरएच्या निकालावर परिणाम होऊ शकतो. म्हणून रक्त लसीच्याच दिवशी काढतात, नाहीतर चार ते सहा आठवडे थांबतात. उत्साहाच्या भरात आधीच्याच आठवड्यात लसी उरकून येणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांच्यामुळे 'मेडिकलमध्ये नापास' होईल, ही भीतीही अशीच. ही तपासणी नोकरीआधीच्या तंदुरुस्तीच्या चाचणीसारखी नाही. ती शोधते ठरावीक गोष्टी: सक्रिय टीबी, सिफिलिस, गनोरिया, कुष्ठरोग यांसारखे संसर्गजन्य आजार, अपुऱ्या लसी, अमली पदार्थांचं व्यसन, आणि स्वतःला किंवा इतरांना इजा होईल अशा वर्तनाशी जोडलेला शारीरिक-मानसिक विकार. नैराश्यावर गोळ्या चालू असणं हे अपात्रतेचं कारण नाही. एचआयव्ही ४ जानेवारी २०१० पासून या यादीतून वगळला गेला आहे. मात्र अर्जदार पुढे सरकारी मदतीवर अवलंबून राहील का, याचा निर्णय इमिग्रेशन अधिकारी स्वतंत्रपणे घेतो. त्यात वय, उत्पन्न, शिक्षण यांच्याबरोबर प्रकृतीचाही विचार कायद्यानं होतो. दोन्हींची गल्लत करू नये. दारू पिऊन गाडी चालवताना झालेली अटक मात्र अनेक जण किरकोळ समजून डॉक्टरपुढे बोलत नाहीत. ती इथं गांभीर्यानं पाहिली जाते. गांजाचंही तसंच. राज्यात तो कायदेशीर असला तरी इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा आहे.

अफवांना खतपाणी मिळतं ते नियम खरोखरच वारंवार बदलत असल्यामुळे. लसींची अट १९९६ च्या कायद्यानं आली. २००८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंधित एचपीव्ही लस ११ ते २६ वयाच्या मुली-स्त्रियांना सक्तीची झाली. महागडी लस फक्त स्थलांतरित मुलींवर का लादता, असा टीकेचा भडिमार झाला. पुढे सीडीसी या आरोग्ययंत्रणेनं निकष बदलले: साथ पसरवू शकणाऱ्या किंवा अमेरिकेतून हद्दपार झालेल्या वा होत आलेल्या आजारांवरच्याच लसी सक्तीच्या. डिसेंबर २००९ मध्ये एचपीव्ही यादीतून गेली. कोविडची लस १ ऑक्टोबर २०२१ ला सक्तीची झाली आणि २२ जानेवारी २०२५ ला यूएससीआयएसनं ती अट उठवली. तीन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड मिळालेला मित्र कोविशील्डचं सर्टिफिकेट न्यायला विसरू नकोस म्हणतो, तेव्हा त्याच्या काळापुरतं तो बरोबरच सांगत असतो.

सर्वांत मोठा गोंधळ वैधतेचा. ऑक्टोबर २०२० मध्ये व्हिसा बुलेटिनच्या, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेच्या मासिक पत्रकाच्या, तारखा एकदम पुढे सरकल्या, तेव्हा हजारो भारतीयांनी घाईघाईनं अर्ज आणि मेडिकल केलं. त्या वेळी मेडिकल डॉक्टरच्या सहीपासून दोन वर्षंच चालायचं. ग्रीन कार्डाचा नंबर लागेपर्यंत अनेकांचं मेडिकल शिळं झालं आणि नव्यानं करण्याची पत्रं आली. 'मेडिकल शेवटीच करावं' हा सल्ला त्या पोळलेल्या पिढीचा. आज तो उलटा पडू शकतो. २ डिसेंबर २०२४ पासून मेडिकल आय-४८५ या मुख्य अर्जासोबतच द्यावं लागतं, नाहीतर अर्जच परत येऊ शकतो. १ नोव्हेंबर २०२३ पासून सही झालेल्या फॉर्मला कालमर्यादा नाही, असं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं होतं. जून २०२५ मध्ये त्याला मुरड घातली गेली: ते मेडिकल ज्या अर्जासोबत दिलं, तो प्रलंबित असेपर्यंतच वैध. अर्ज मागे घेतला किंवा नामंजूर झाला तर पुन्हा सुरुवात. डॉक्टर पूर्ण फॉर्म सीलबंद पाकिटात देतात. ते पाकीट कुतूहलापोटीही फोडायचं नाही, पण पाकीट बंद होण्यापूर्वी स्वतःसाठी एक प्रत मागून घ्यायची. नाव, जन्मतारीख किंवा लसीची तारीख चुकलेली असेल तर ती तिथंच दुरुस्त होते.

हे सगळं अमेरिकेत राहून अर्ज करणाऱ्यांचं. कॅनडात कायम वास्तव्यासाठी वैद्यकीय तपासणी होते, पण लसींची सक्ती नाही. तिकडचा अनुभव इकडे लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

अमेरिकन नागरिक झालेल्या मुलांनी भारतातून आईवडिलांना बोलावलं तर त्यांची तपासणी वकिलातीनं नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडे होते. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे तिथं ठरलेला. सत्तरीतल्या वडिलांच्या फुप्फुसावर जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचा डाग दिसला तर थुंकीचे तीन नमुने वेगवेगळ्या दिवशी घेतात आणि जंतू वाढतात का हे पाहायला आठ आठवड्यांपर्यंत थांबतात. नमुने स्वच्छ निघाले की व्हिसा मिळतो. मात्र मेडिकलची मुदत साधारण सहा महिन्यांची, अशा डागाच्या प्रकरणात तीनच महिन्यांची, आणि व्हिसाही त्या मुदतीपलीकडे चालत नाही. नातवाच्या वाढदिवसाचं तिकीट आधीच काढून ठेवलेल्या घरांत मग विमान कंपनीशी तारीख बदलण्याची बोलणी सुरू होतात.