घरचा संगणक – भाग ११ : शिजवण्याआधी बेणं

"मामा, गेम सेव्हच होईना झालाय."

शिमग्याच्या सुमारास वसमत तालुक्यात ताईकडे गेलो होतो. हळदीची काढणी चालू होती. भाच्यानं माझ्या हातात त्याचा पीएसपी ठेवला. सोनीचा हा हातात धरून खेळायचा कन्सोल डिसेंबर २००४ मध्ये जपानात आला. त्याचं उत्पादन कधीच बंद झालं, तरी जुने नग अजून घराघरांत फिरतात. हा पुण्याच्या चुलतभावाकडून आला होता. आत अडॅप्टरमध्ये बसवलेलं ८ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड होतं. हे कार्ड आधी ताईच्या मोबाइलमध्ये होतं. तेव्हा स्टँडवरच्या दुकानातून त्यात गाणी भरून आणली होती. पुढे ते पुण्याला गेलं आणि तिथं चुलतभावाच्या मॅकला लागलं.

ज्या यंत्रात कार्ड जातं, ते यंत्र त्यावर काहीतरी ठेवून जातं. अँड्रॉइड फोन 'लॉस्ट डॉट डीआयआर' नावाचा फोल्डर करतो आणि फोटोंच्या छोट्या प्रती एका लपलेल्या फोल्डरात साठवत राहतो. विंडोजनं कार्ड दुरुस्त केलं असेल, तर 'फाउंड' नावाच्या फोल्डरात बेवारस तुकडे 'सीएचके' फाइली होऊन पडतात. मॅक तर आपण चढवलेल्या फाइलींना जोड फाइली लावतो. त्यांचं नाव तेच असतं, फक्त आधी टिंब आणि अंडरस्कोर. नावाच्या सुरुवातीला टिंब असलं की मॅकवर आणि फोनवर ती फाइल सहसा दिसत नाही. म्हणून कार्ड रिकामं वाटतं, पण भरलेलं असतं.

जोड फाइल साधारण ४ किलोबाइटची. एवढ्याशा फाइलीनं काय होतं, असं वाटेल. पण कार्डावरची जागा सुटी मिळत नाही, ठरावीक मापाच्या तुकड्यांत मिळते. या कार्डावर तो तुकडा ३२ किलोबाइटचा होता. म्हणजे मूठभर तीळ ठेवायचे तरी आख्खं पोतं अडणार. अशा ६,२०० फाइली निघाल्या. मजकूर जेमतेम २४ एमबी, अडलेली जागा १९४ एमबी. मोबाइलच्या छोट्या प्रतींनी त्याहून कितीतरी जास्त जागा धरली होती.

हजारो फाइली हातानं निवडणं शक्य नाही, म्हणून स्क्रिप्ट. गेल्या आठवड्यात आपण पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा संगणकावर बसवून घेतली होती. त्यात हे काम वीस-पंचवीस ओळींत होतं. एकेका फोल्डरात शिरायचं, प्रत्येक फाइलीचं नाव बघायचं, ते आपल्या कचऱ्याच्या यादीतल्या खुणेशी जुळलं तर ती फाइल वेगळी काढायची. यात अवघड काही नाही. अवघड आहे ती यादी ठरवणं, आणि ते काम यंत्र आपल्यासाठी करत नाही.

माझी पहिली स्क्रिप्ट चुकीची होती. खुणांबरोबर मी तिला आणखी एक काम दिलं होतं : हुबेहूब सारख्या फाइली शोध, एक ठेव, बाकीच्या काढ. रीत सरळ आहे. आधी फाइलींचे आकार जुळवायचे, जुळले तर आतल्या मजकुराचा ठसा काढून तो जुळवायचा. गाण्यांसाठी हे उत्तम चाललं. एकच गाणं तीन-तीन फोल्डरांत सापडलं. पण यादी खाली सरकवत गेलो तेव्हा 'आयकॉन झिरो' नावाच्या चित्राच्या ओळीच ओळी लागल्या. पीएसपी प्रत्येक सेव्हसाठी 'सेव्हडेटा'मध्ये वेगळा फोल्डर करतो. त्यात खेळाची मूळ माहिती, सेव्हचं नाव-तपशील ठेवणारी फाइल आणि पडद्यावर दिसणारं छोटं चित्र असतं. एकाच खेळाचे दहा सेव्ह असतील, तर दहाही फोल्डरांत तेच चित्र असू शकतं. माझ्या स्क्रिप्टनं त्यातली नऊ चित्रं कचऱ्यात धरली होती. यंत्राच्या लेखी ती नक्कल होती आणि ते खोटंही नव्हतं. पण प्रत्येक फोल्डराला स्वतःचं चित्र लागतं.

हे वेळेत कळलं याचं कारण एकच. स्क्रिप्टला मी पुसायला सांगितलंच नव्हतं, फक्त दाखवायला सांगितलं होतं. फाइलीचं नाव, ती कुठे आहे, किती मोठी आहे, कोणत्या खुणेमुळे धरली, एवढं एका मजकुराच्या फाइलीत लिहून ती थांबली. ही यादी भाच्याला शेजारी बसवून वाचली. कोणता सेव्ह जुना, कोणता चालू, हे त्यालाच ठाऊक होतं. मग 'सेव्हडेटा' फोल्डर स्क्रिप्टच्या वाटेतूनच काढून टाकला. त्यात शिरायचंच नाही.

अंगणात मेहुणे हळद शिजवायच्या तयारीत होते. पण कुकर पेटायच्या आधी बेणं बाजूला निघालं होतं. चांगले जेठे गड्डे सावलीत, पाल्याखाली झाकून ठेवले होते. शिजलेली हळद पुन्हा उगवत नाही, म्हणून हे काम नंतरवर टाकता येत नाही. कार्डाचंही तसंच केलं. पुसापुशीआधी पूर्ण कार्ड संगणकावर उतरवून घेतलं आणि फाइलींची संख्या दोन्हीकडे मोजली.

आणखी दोन बंदोबस्त तुम्हीही करा. विंडोजमध्ये कार्डाला मिळणारं अक्षर बदलतं. काल 'ई' असलेलं आज 'एफ' होतं, आणि 'ई'वर भलतंच काही असू शकतं. म्हणून स्क्रिप्टनं सुरुवातीलाच पाहायचं : इथे 'पीएसपी' आणि त्यात 'सेव्हडेटा' आहे का? नसेल तर एकाही फाइलीला हात न लावता थांबायचं. दुसरं, पायथननं पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. तेव्हा पुसू नका, संगणकावरच्या एका फोल्डरात हलवा आणि आठ दिवस राहू द्या.

तरीही हवी ती फाइल गेलीच, तर कार्ड लगेच बाहेर काढा आणि त्यावर नवीन काही लिहू नका. फॅट पद्धतीच्या कार्डावर पुसताना मजकूर खरवडला जात नाही. नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण पडते आणि जागा मोकळी झाल्याची नोंद होते. मजकूर तिथंच पडून राहतो, दुसरं काही त्यावर येऊन बसेपर्यंत. फोटोरेक हे मोफत साधन असाच मजकूर हुडकतं.

हाच पायथन किती दूर जातो पाहा. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. लायगोच्या अमेरिकेतल्या वेधशाळांची निरीक्षणं चाळून या लहरी वेगळ्या काढायला शास्त्रज्ञ पायथनही वापरतात. शाळेतल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो.

संध्याकाळी स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली, या वेळी हलवायला. दोन जीबीच्या वर जागा सुटली. भाच्यानं कार्ड पीएसपीत घातलं, सेव्हची यादी उघडली आणि बोट ठेवत एकेक मोजला. सगळे होते. 'फाउंड'मधल्या सीएचके फाइली मात्र मी हलवल्या नाहीत. त्यातल्या काहींचा आकार फोटोंएवढा आहे. ते उघडून बघायचं काम पुढच्या भागात.